डिस्चार्जच्या आधी घर बघायचं, हेडसेट लावून

मी मूळची अमळनेरची, आता इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. गावी सगळे विचारतात, म्हणजे फिजिओच ना? तर फिजिओ पायात ताकद आणतो, आणि त्या पायांनी माणूस घरी संडासला कसा जाईल, अंघोळ कशी करेल, चहा कसा करेल ते आम्ही बघतो. हे शिक्षण आपल्याकडे जुनंच आहे, कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू केलं, पण खान्देशात अजून फार कमी लोकांना माहितीये.

इथे डिस्चार्जच्या आधी पेशंटचं घर बघायची पद्धत आहे, पायऱ्या, पलंग, टॉयलेटची उंची सगळं मोजायचं. पण प्रत्येकाच्या घरी जायला माणसं पुरत नाहीत आणि कित्येक पेशंटना तो प्रवासच झेपत नाही, म्हणून आता काही जणांसाठी व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावला की आपण त्या जागीच आहोत असं वाटतं. हेडसेटमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेलं घर दाखवायचं, नाहीतर ३६० डिग्री, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने शूट केलेलं त्यांचं स्वतःचं घर. हे खुर्चीत बसवूनच करायचं, कारण डोळ्यांना वाटतं आपण चालतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवरच आहोत, त्याने गरगरतं, मळमळतं. फिट्स येणाऱ्यांना तर लावतच नाही.

एक आजोबा होते, स्ट्रोकनंतर डाव्या बाजूकडे त्यांचं लक्षच जायचं नाही. डोळे चांगले, पण मेंदू ती बाजू मोजतच नाही. घरी मला काही अडचण नाही, हे त्यांचं रोजचं. हेडसेटमधल्या स्वयंपाकघरात त्यांनी फ्रिज सांगितला, किटली सांगितली, खिडकी सांगितली, सगळं उजवीकडचं. मग मी म्हटलं, मान हळूहळू डावीकडे वळवा. तिकडे गॅस पेटलेला होता! बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग त्यांनीच विचारलं, बायको बाहेर गेली तर मी काय करू? आम्ही कितीही सांगितलं असतं तरी हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला नसता, आणि मला व्हीआर आवडतं ते याचसाठी. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी स्ट्रोकच्या पेशंटवर असा प्रयोग करून २०१८ मध्ये पेपर काढला, पण अभ्यास छोटा होता, त्यावरून हेच भारी असं म्हणता येणार नाही.

आणि हेडसेट नसला तरी घर बघता येतंच की. चोपड्याची माझी आत्या पडली, खुब्याचा बॉल बदलला. घरी सोडताना सांगितलं, खाली बसू नका, मांडी घालू नका. बरोबरच आहे, पण घर कसं आहे हे कोणी विचारलंच नाही, याचा मला खरंच राग येतो. दारापुढचा उंच ओटा, उंबरठा, परसात देशी संडास आणि झोपायला सैल झालेली बाज! एवढ्या खाली बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, आणि नेमकं तेच चालत नाही. चुलत भावाने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा ३६० कॅमेरा आणून घरभर फिरवला, मी इथे हेडसेट लावून बघितलं, आणि त्याने तेच मोबाईलवर आत्याला दाखवलं. मोरीच्या दाराशी आल्यावर आत्या म्हणे, "ते पोतं पयले उचला, तठेच मन्हा पाय सरकना व्हता." तोवर ती कशी पडली हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पोतं उचललं, बाजेऐवजी पलंग आला, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे, संडासावर कमोडची खुर्ची. तुमच्याकडे कोणाचं असं ऑपरेशन असेल तर डिस्चार्जच्या आधीच पलंगापासून संडासापर्यंतचा व्हिडिओ काढा, पेशंटला दाखवा, डॉक्टरांनाही दाखवा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे भिंतीवर लिहूनच लावा. आत्याच्या ओट्याला पाइपचा कठडा तेवढा राहिलाय, वेल्डिंगवाला दिवाळीनंतर येतो म्हणालाय, तोवर पायऱ्यांवर तिच्यासोबत कोणीतरी असतं.