बादली घेऊन फिनलंडच्या जंगलात

पहिल्या उन्हाळ्यात मी रिकामी बादली घेऊन जंगलाच्या कडेला नुसतीच उभी राहिले होते. समोर गुडघ्यापर्यंतही न येणारी झुडपं, आणि त्यांवर मुस्तिक्का, म्हणजे इथली रानटी ब्लूबेरी, लगडलेली. पण जमीन कोणाची? दुसऱ्याच्या बांधावरची चिंच उचलली तरी हाक ऐकायची सवय असलेली मी. शेजारच्या आजी मात्र एव्हाना खाली वाकून तोडायलाही लागल्या होत्या.

फिनलंडमध्ये रान खाजगी असलं तरी तिथली रानबेरी, अळंबी, संरक्षित नसलेली फुलं कुणीही गोळा करू शकतं. मालकाला विचारावं लागत नाही, परवाना लागत नाही, मी परदेशी आहे यानेही फरक पडत नाही. स्वतः तोडलेली बेरी विकली तर त्या कमाईवर करसुद्धा नाही. याला ते 'प्रत्येकाचा हक्क' म्हणतात. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाचा हक्क आहे, पण तो आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांचा. इथे तो वाटसरूलाही आहे.

हद्द मात्र आहे, आणि ती मला चुकीतून कळली. जूनमध्ये स्प्रूसचे कोवळे, पोपटी कोंब मी पिशवीभर खुडले, सरबतासाठी. आजींनी पिशवीत डोकावून मान हलवली. जिवंत झाडाचा कोंब, फांदी, साल, शेवाळ, बर्चचा रस, हे सगळं मालकाच्या परवानगीनेच. घराच्या अंगणाजवळ तर जायचंच नाही.

अळंबीच्या बाबतीत कायदा मोकळा आहे, पण चूक झाली तर जीव जातो. म्हणून मी शिकायला गेले. गावोगावच्या प्रौढशिक्षण संस्थांमध्ये अळंबीचे वर्ग भरतात. 'मार्तात' नावाची १८९९ पासूनची गृहिणींची संघटनाही जंगलात नेऊन शिकवते. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच अळंबी शिकवली: कांतारेल्ली. पिवळीधमक; टोपीखालच्या पाकळ्यांसारख्या घड्या देठावर उतरत जातात, आणि नाकाशी धरली की जर्दाळूचा वास. सुरीच्या दुसऱ्या टोकाला छोटा ब्रश असतो, त्याने माती तिथेच झाडायची. संध्याकाळपर्यंत माझ्या टोपलीत मूठभर, पण खात्रीच्या.

खरा धक्का दिला तो कोर्वासिएनीने. मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, वसंतात उगवणारी ही अळंबी कच्ची खाल्ली तर जीवघेणी. तरीही बाजारात विकतात, सोबत शिजवण्याची सूचना देऊन: भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, अळंबी धुवा, नव्या पाण्यात परत उकळा आणि पुन्हा धुवा. वाफही विषारी, म्हणून खिडक्या उघड्या. मला आमची पावसाळी रानभाजी, शेवळं आठवली. काकडं ही आंबट रानफळं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजवतो, हे आमच्याकडे कुणी कागदावर लिहिलं नाही. आईला तिच्या आईने चुलीपाशी सांगितलं.

म्हणून या पावसाळ्यात आईला म्हटलं, टाकळा, कुर्डू, भारंगी कोवळी असताना कशी ओळखायची ते व्हिडिओत दाखव. पहिला आला तो कुर्डूचा. पान उलटं करून दाखवणारा तिचा मातीचा अंगठा दिसतो, आणि मागे पावसाचा आवाज.