कंप्रेसर नवा, फुगा जुनाच

गाडीचा बिघाड सांगणाऱ्या स्कॅनरवर कंप्रेसरचा, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाचा, कोड आला की कंप्रेसर बदलून मोकळं व्हायचं, ही आमच्या गॅरेजच्या धंद्यातली नवी अंधश्रद्धा. परवा आलेली जुनी लक्झरी गाडी तिचीच बळी होती. कंप्रेसर नवा, मोठं बिल भरलेलं, आणि तरी रोज सकाळी पुढचा डावा कोपरा चाकावर टेकलेला.

हिच्यासारख्या काही गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचा हवा भरलेला फुगा असतो. उंची कमी झाल्याचं सेन्सरने कळवलं की कंप्रेसर हवा भरतो. वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडून रबराला तिथे बारीक तडे जातात आणि हवा झिरपू लागते. थोडा वेळ चालून थांबायचं एवढ्यासाठीच बनवलेला कंप्रेसर मग दिवसभर राबतो, तापतो, शेवटी जळतो. कोड खरा असतो, पण तो मेलेल्याचं नाव सांगतो, मारणाऱ्याचं नाही.

गाडी लिफ्टवर घेऊन साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. आमचा हाताखालचा पोरगा लगेच म्हणाला, "दादा, फुगा ओके आहे. व्हॉल्व्ह ब्लॉक मागवू या." (फुग्यांना हवा वाटणाऱ्या झडपांचा संच.)

इथेच बहुतेक जण फसतात. लिफ्टवर चाक लोंबकळतं, फुगा ताणला जातो आणि जी घडी गळते ती घडीच उरत नाही. गाडी आपल्या चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीला उभी असतानाच फुगा तपासायला हवा. म्हणून ती खाली घेतली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं, बॉडीखाली बोटभर फट ठेवून ठोकळे लावले (हवेवरच्या गाडीखाली ठोकळ्यांशिवाय हात घालणाऱ्याला मी गॅरेजमध्ये ठेवत नाही) आणि मडगार्डच्या आतून पुन्हा फवारा मारला. क्षणभर काहीच नाही. मग घडीच्या कडेने पांढऱ्या फेसाची बारीक रेघ उमटली आणि हळूहळू फुगत गेली. पोरगा गप्प.

फुगा बदलला. नव्या फुग्यावर रिकामा असताना गाडीचं वजन टाकायचं नसतं. घडी वाकडी बसते आणि नवाकोरा माल फाटतो. आधी स्कॅनरवरून कंप्रेसर चालवून हवा भरली, मग लिफ्ट इंचाइंचाने खाली. कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, काढून पाहिला तर तो जुनाच. कंप्रेसर बदलणाऱ्याने एवढासा रिलेही बदलू नये? त्याचे पॉइंट चिकटले की गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालूच राहतो. तोही बदलला. रात्रभर गाडी सपाट फरशीवर ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. सकाळी माप तेवढंच.

उजव्या फुग्याला गळती नव्हती, पण टॉर्च मारल्यावर त्याच घडीत तसेच तडे दिसले. मालकांना जवळ नेऊन दाखवले. ते म्हणाले, "गळत नाही ना? मग राहू द्या. गाडीची किंमत तरी आता किती उरली आहे!" हिशेबाला चूक म्हणता येत नाही. पण उद्या तो गळला की हाच कंप्रेसर पुन्हा राबणार, आणि नाव माझं निघणार. असं अर्धं काम घ्यावं की नाही, माझं अजून ठरत नाही.

उजव्या बाजूचे तडे बिलावर लिहून सही घेतली. फुगा आणि रिलेची गॅरंटी दिली. कंप्रेसरची दिली नाही.