बेळगाव ते चोर्ला: कॅराव्हॅनची सुटलेली पन्हळ आणि आत शिरलेलं पाणी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळीला उतरायचं, तर कॅराव्हॅनच्या छताची खरी परीक्षा कणकुंबीच्या पट्ट्यात होते. मलप्रभेचा उगम इथलाच. जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही. त्यात खड्ड्यांच्या धक्क्यांनी पन्हळीचे, म्हणजे छताच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या पट्टीचे, स्क्रू ढिले होतात आणि पट्टीमागून पाणी आत उतरतं. आमच्या गाडीत ओल दिसली पलंगाखालच्या कोपऱ्यात, फट निघाली दाराच्या वर. पाणी आतल्या लाकडी चौकटीवरून वाहत भलतीकडेच बाहेर पडतं, म्हणून डाग दिसला तिथे सीलंट (फट बुजवायचा लेप) भरून काही साधत नाही. फट शोधायला बाहेरून नळीने पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, दर टप्प्याला १० मिनिटं. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

पन्हळीवरून सिलिकॉन मात्र फासू नका. नंतर त्यावर दुसरं सीलंट धरत नाही, आणि मुरलेलं पाणी आतच कोंडतं. पट्टी पूर्ण काढा, जुना चिकटा प्लास्टिकच्या पातीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर इपॉक्सी पुटी भरून, ती कडक झाल्यावर नव्याने बारीक भोक पाडा. मग पट्टीमागे ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) सलग लावा, सांध्यावर तोडू नका. स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि हातानेच आवळा. ड्रिलच्या जोराने लाकडातली पकड जाते. दाबाने टेप कडेला बाहेर येते. दोन दिवसांनी पुन्हा आवळून मगच ती कापायची आणि वरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढायची.

आतला प्लाय स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज रुतलं तर तो कुजलाय. घट्ट लाकूड लागेल तिथून आणखी ५ सेंटिमीटरपर्यंत कापून आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा) बसवा. पण आधी चौकट सुकू द्या, ओलावा मोजायच्या यंत्रावर १५ टक्क्यांच्या खाली. ओल ठेवून बंद केलं तर नवा तुकडाही कुजणार. भर पावसात खानापूरच्या बाजूला हे जमत नाही. पंखा लावून बेळगावात शेडखाली करा, नाहीतर मे महिन्यातच उरकून घ्या.

जंगलात झाडाखाली मुक्काम केला तर सकाळी पन्हळीतला पाला काढा. तो तुंबला की पाणी कडेवरून उलटं आत येतं. गाडी उभी करताना पन्हळीचं तोंड असलेला कोपरा थोडा खाली राहील असं बघा.