दिवसाला पाच मिनिटं पुढे पळणारी एचएमटी जनता

एचएमटीचं ‘जनता’ हे चावीचं जुनं मनगटी घड्याळ घेतलं. चावी पूर्ण दिली, तर चोवीस तासांत पाच मिनिटं पुढे. अशा वेळी झाकण उघडून रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी छोटी दांडी) मागे ढकलायला हात शिवशिवतात, पण तिथेच चूक होते. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. दिवसाचे 20-30 सेकंद रेग्युलेटरने सावरता येतात. पाच मिनिटांचं कारण बहुधा वेगळं असतं: हेअरस्प्रिंगचे, म्हणजे केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटताहेत. चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) घाईघाईने फिरतो.

चिकटवतं कोण? चुंबकत्व किंवा तेल. मी सुईचं स्वस्त होकायंत्र घेतलं आणि घड्याळ त्याच्याभोवती हळू फिरवलं. सुई नुसती ओढली गेली तर फार अर्थ काढू नये, आत पोलाद असतंच. इथे एका बाजूने ती चक्क दूर ढकलली जात होती, म्हणजे चुंबकत्व नक्की. स्पीकर, चुंबकी झाकणाची पर्स, टॅबलेटचं कव्हर, काहीही पुरतं.

डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व घालवणाऱ्या उपकरणावर, घड्याळ ठेवायचं, बटण दाबायचं, ते दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर हातभर लांब न्यायचं, मग बटण सोडायचं. घड्याळ जवळ असतानाच बोट सुटलं तर चुंबकत्व उलट वाढू शकतं. पहिल्या खेपेला माझं तेच झालं.

मग पंखा बंद करून मोबाइलच्या माइकला घड्याळ टेकवलं. टायमिंग ॲपवर डायल वर असताना +34, म्हणजे दिवसाला 34 सेकंद पुढे. भिंगातून पाहिलं तर वेढे सुटे, एकसारखे फुलत-मिटत होते. तेल असतं तर दोन वेढे एकत्र हलताना दिसले असते, आणि मग सर्व्हिसिंगशिवाय इलाज नव्हता.

आता रेग्युलेटर. लोखंडी चिमटा नको, बांबूची टूथपिक टोकदार करून घ्यावी. घसरली तरी हेअरस्प्रिंग वाचते. एचएमटीची घड्याळं 1961 पासून सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला बनू लागली, पण 2016 मध्ये केंद्राने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आता भाग मिळतात ते बहुतेक दुसऱ्या मेलेल्या जनतामधूनच. रेग्युलेटर उणे खुणेकडे डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं सरकवलं, तर थेट −12. परत केसभर मागे. प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून वाचन घेतलं, चौथ्या खेपेला +7.

चावीची कळ खाली करून घड्याळ उभं धरलं तर मात्र −9. हा फरक रेग्युलेटरने जात नाही, बॅलन्सच्या तोलाचा आणि झिजेचा असतो. म्हणून रात्री ते डायल वर करून ठेवायचं. दिवसभर मनगटावर जे मागे पडतं, त्यातलं बरंचसं सकाळपर्यंत भरून निघतं.