पिंग जातो, पण एसएनएमपी उत्तर देत नाही: दूरच्या साइटवरील देखरेख पूर्ववत करतानाचा माझा अनुभव

मी पुण्यातील एका नेटवर्क नियंत्रण कक्षात काम करते. आमच्या साइट कोकणच्या घाटमाथ्यापासून गडचिरोलीच्या दक्षिण टोकापर्यंत विखुरलेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी कायमस्वरूपी माणूस नसतो. एक राउटर, एक स्विच, रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारे यंत्र), बॅटऱ्यांची रांग आणि कुलूपबंद खोली, एवढाच तिथला संसार. बॅटरीचा व्होल्टेज उतरतो आहे, लिंकवर त्रुटी वाढत आहेत किंवा खोलीतील तापमान चढते आहे, हे आम्हाला पुण्यात बसून कळते ते एसएनएमपीमुळे, म्हणजे उपकरणांना त्यांची स्थिती दूरवरून विचारण्याच्या प्रमाणित पद्धतीमुळे. आमचा पोलर, म्हणजे हे प्रश्न विचारणारा प्रोग्राम, दर ५ मिनिटांनी यूडीपीच्या (पोहोच न मागता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या) १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवतो आणि उपकरण उत्तर देते. काही बिघडले तर उपकरण स्वतःहून १६२ क्रमांकाच्या पोर्टवर ट्रॅप, म्हणजे इशाऱ्याचा संदेश, धाडते. १९८८ च्या मूळ आवृत्तीपासून ही रचना फारशी बदललेली नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडद्यावर एक विचित्र चित्र दिसू लागले. काही साइटवरील राउटर ‘सुरू’ म्हणजे हिरवे दिसत होते, पण त्यांचे आलेख मधेच तुटत होते, कधी तासाभरासाठी तर कधी दिवसभर. पिंग (उपकरणापर्यंत पोहोचता येते का हे पाहणारी लहान चाचणी) व्यवस्थित जात होता. एसएसएचने (दूरवरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीने) राउटरवर लॉगिनही होत होते. वरवर पाहणाऱ्याला हा पोलरचाच दोष वाटावा अशी परिस्थिती होती आणि पोलर पुन्हा सुरू करून पाहावा, असा आग्रहही कक्षात झाला. मी त्याला विरोध केला, कारण पोलर बंद करून सुरू केल्याने दोष तात्पुरता लपला असता आणि त्याचे कारण हाती लागण्याची संधी गेली असती.

एसएनएमपीच्या बिघाडातील खरी अडचण ही आहे की आवृत्ती २सी मध्ये (एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रचलित रूपात) जवळजवळ प्रत्येक दोषाचे बाह्य लक्षण एकच असते: टाइमआउट. कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा ठरलेला शब्द) चुकीची असेल तर उपकरण नकार कळवत नाही, गप्प राहते. पोलरचा पत्ता परवानगीच्या यादीत नसेल तरी गप्प. वाटेतल्या फायरवॉलने पॅकेट टाकून दिले, राउटरचा सीपीयू दमल्यामुळे त्याने एसएनएमपीचे काम मागे ढकलले किंवा उत्तर भलत्याच इंटरफेसच्या पत्त्यावरून निघाल्यामुळे फायरवॉलने ते ओळखले नाही, तरी पोलरच्या नोंदीत एकच ओळ उमटते. म्हणून ‘उत्तर का येत नाही’ या प्रश्नाऐवजी ‘प्रश्न कुठपर्यंत पोहोचतो आणि उत्तर कुठून पुढे येत नाही’ या प्रश्नापासून मी सुरुवात केली.

पहिली चाचणी सर्वांत लहान प्रश्नाची. पोलर ज्या सर्व्हरवर चालतो त्याच सर्व्हरवरून मी हाताने एसएनएमपीगेट ही आज्ञा चालवून फक्त सिसअपटाइम, म्हणजे उपकरण सुरू झाल्यापासूनचा काळ, मागितला. दुसऱ्या यंत्रावरून ही चाचणी करण्यात अर्थ नसतो, कारण परवानगीच्या यादीत त्याचा पत्ता असेलच असे नाही. उत्तर लगेच आले. म्हणजे कम्युनिटी स्ट्रिंग, परवानगीची यादी, जाण्याची वाट आणि येण्याची वाट हे सगळे एकाच फटक्यात संशयातून बाद झाले. त्यानंतर इंटरफेसचा पूर्ण तक्ता मागितला आणि तिथे मात्र टाइमआउट झाला. तोच तक्ता बल्क विनंतीऐवजी एकेक ओळ करून मागितला, तर सावकाश का होईना, पण पूर्ण आला.

हा फरक माझ्यासाठी निर्णायक ठरला. आवृत्ती २सी मधील बल्क विनंतीत एका उत्तरात किती ओळी हव्यात हे पोलर सांगतो. आमच्या पोलरमध्ये तो आकडा ५० होता. त्यामुळे उत्तराचे पॅकेट फुगते. लहान उत्तरे पोहोचतात आणि मोठी पोहोचत नाहीत, याचा अर्थ पॅकेटच्या आकाराशी संबंध आहे. मी मुद्दाम मोठ्या आकाराचा पिंग पाठवून पाहिला आणि तोही परत आला नाही. रोजचा पिंग जेमतेम ८४ बाइटचा असल्यामुळे आमचा पडदा हिरवाच राहत होता. एसएसएच चालत होते त्याचेही कारण याच्याशीच जोडलेले होते: ते टीसीपीवर चालते आणि साइटपर्यंतच्या कूटबद्ध व्हीपीएन टनेलवर टीसीपीच्या तुकड्यांचा कमाल आकार आम्ही आधीच मर्यादित करून ठेवला होता. यूडीपीला ती सोय नाही.

पण मग हे कधी घडते आणि कधी घडत नाही, याचे उत्तर हवे होते. आलेखातील खंड आणि लिंकच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर ते मिळाले. रस्त्याच्या खोदकामात किंवा दरड कोसळून फायबर तुटला की साइटची वाहतूक ४जीच्या पर्यायी लिंकवर सरकत होती, आणि देखरेख नेमकी तेव्हाच आंधळी होत होती. जेव्हा साइटची सर्वाधिक काळजी घ्यायची, तेव्हाच आम्हाला तिथले काही दिसत नव्हते, ही गोष्ट मला फार लागली.

पुढचा पुरावा पॅकेट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मिळणार नव्हता. सर्व्हरवर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारे साधन) लावले तर विनंती जाताना दिसे आणि उत्तरादाखल काहीच येत नसे. साइटच्या राउटरवर पाहिले तर विनंती पोहोचत होती आणि उत्तर निघतही होते. मग आमच्या मुख्य व्हीपीएन गेटवेच्या बाहेरच्या पोर्टवर पॅकेट पकडले. तिथे यूडीपी ४५०० वरून येणाऱ्या आयपीसेक, म्हणजे टनेलच्या कूटबद्ध, पॅकेटचा पहिला तुकडा स्पष्ट दिसत होता. ‘आणखी तुकडे येत आहेत’ ही खूण त्याच्या शीर्षात होती. दुसरा तुकडा आलाच नाही. साइटचा राउटर मोठे उत्तर आधी कूटबद्ध करत होता आणि मग त्याचे तुकडे करत होता. दुसऱ्या तुकड्यात पोर्ट क्रमांक नसतो, त्यामुळे मोबाइल जाळ्यातील पत्ताबदल करणारे यंत्र त्याला कोणाचा हे ओळखू शकत नव्हते आणि टाकून देत होते. एक तुकडा नसला की गेटवे पॅकेट जोडू शकत नाही, आणि न जोडलेले पॅकेट उलगडता येत नाही. सर्व्हरपर्यंत काहीच न पोहोचण्याचे कारण हे होते.

उपाय दोन ठिकाणी केला. टनेल इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १,४०० बाइटवर आणला, म्हणजे मोठे पॅकेट कूटबद्ध होण्याआधीच विभागले जाते आणि प्रत्येक भाग स्वतंत्र, पूर्ण पॅकेट म्हणून प्रवास करतो. शिवाय बल्क विनंतीतील ओळींची संख्या ५० वरून १० केली. फक्त एक बदल करूनही भागले असते, असे काहींचे मत पडले. मला दोन्ही हवे होते, कारण पर्यायी लिंक उद्या कोणत्या कंपनीची असेल हे आमच्या हातात नाही.

एवढ्यावर बहुतेक साइट सुधारल्या. भामरागड परिसरातील एका साइटवरील रेक्टिफायरचे देखरेखीचे कार्ड मात्र तरीही अधूनमधून गप्प होत होते, आणि तिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. जवळ राहणाऱ्या तंत्रज्ञांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, रात्री लाइट गेली होती, बॅटरीपण उतरली होती. आता सगळं चालू आहे, कार्डाचे दिवे हिरवे आहेत.” त्यांच्या या एका वाक्यातील लाइट आणि बॅटरी हे दोन शब्द मी वहीत लिहून ठेवले, कारण प्रत्येक वेळी कार्ड गप्प होण्याच्या आधी वीज पूर्ण गेलेली होती.

हे कार्ड एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीवर चालते. हाताने दिलेली आज्ञा प्रत्येक वेळी उत्तर मिळवत होती आणि त्याच सर्व्हरवरील, त्याच वापरकर्तानावाचा पोलर मात्र अपयशी ठरत होता. तिसऱ्या आवृत्तीत जुने पॅकेट पुन्हा खेळवून कोणी फसवू नये म्हणून प्रत्येक उपकरण दोन आकडे बाळगते: आपण आजवर किती वेळा सुरू झालो आणि या खेपेस सुरू होऊन किती सेकंद झाले. पोलर हे आकडे लक्षात ठेवतो आणि १५० सेकंदांहून जास्त मागे पडलेला संदेश शिळा समजून नाकारतो. मी वीज जाण्यापूर्वीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे कार्डाकडून मागून पाहिले. सेकंद शून्यापासून सुरू झाले होते, ते अपेक्षितच होते. सुरू होण्याची संख्या मात्र दोन्ही वेळा १ होती. हे कार्ड ती संख्या कायमच्या स्मृतीत साठवतच नव्हते. त्यामुळे पोलरच्या दृष्टीने ते जुनाच काळ सांगणारे उपकरण होते आणि त्याने पाठवलेला दुरुस्तीचा अहवालही पोलर नियमानुसार फेटाळत होता. हाताने दिलेली आज्ञा दर वेळी कोरी पाटी घेऊन येत असल्यामुळे तिला हा अडसर नव्हता. पोलर पुन्हा सुरू केला असता तर कार्ड लगेच बोलू लागले असते आणि पुढची लाइट जाईपर्यंत आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

कार्डाच्या निर्मात्याकडे आकड्यांसह तक्रार नोंदवली आणि सुधारित फर्मवेअर मिळाले, ज्यात ही संख्या साठवली जाते.

या सगळ्या तपासणीत एक वेगळ्या प्रकारचा दोषही सापडला, आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे, कारण त्यात टाइमआउट होतच नाही. घाटातील एका साइटवर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर इंटरफेसचे अनुक्रमांक बदलले होते आणि फायबरच्या नावाखाली आम्ही दुसऱ्याच पोर्टचा आलेख पाहत होतो. अनुक्रमांक कायम राखण्याची आज्ञा सर्व राउटरवर दिली आणि पोलरला अनुक्रमांकाऐवजी इंटरफेसच्या नावावरून नोंद जुळवायला लावले. त्याच वेळी १ गिगाबिटच्या पोर्टवरील ३२ बिटचे गणक काढून ६४ बिटचे लावले. ३२ बिटचा गणक पूर्ण वेगात सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो आणि ५ मिनिटांच्या अंतराने वाचलेला त्याचा आकडा निरुपयोगी असतो.

आता नवी साइट ताब्यात घेताना आम्ही फायबर मुद्दाम काढून ४जीवर पूर्ण तक्ता वाचून पाहतो, नंतर कार्डाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा देतो आणि पोलरला हात न लावता पुढच्या फेरीत उत्तर येते का ते तपासतो. दोन जुन्या कार्डांसाठी नवे फर्मवेअर उपलब्धच नाही. त्यांचा सिसअपटाइम दुसऱ्या आवृत्तीवर, फक्त वाचण्याच्या परवानगीने आणि केवळ पोलरच्या पत्त्यासाठी खुला ठेवला आहे. तो आकडा मागे गेलेला दिसला की एक लहानशी स्क्रिप्ट पोलरच्या स्मृतीतील त्या कार्डाची नोंद पुसते. ती कार्डे बदलण्याची मागणी खरेदी विभागाकडे पोहोचली आहे.