माफ करा, मोबाईल नाही

मंगळवार, रात्री

आज नेट कंपनीला तक्रारीचा फोन केला, त्यात तीनदा 'माफ करा' म्हणाले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. नेट तुटतंय त्यांचं, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि माफी मागतेय मी. कशाची? तर 'मोबाईल नंबर सांगा' म्हटल्यावर 'नाही' म्हणाले त्याची.

पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याच्यावर खापर नको. तो रकाना भरल्याशिवाय त्याच्या स्क्रीनवर पुढचं पान उघडत नसणार. "मॅडम, मग तुमच्याशी संपर्क कसा करायचा?" हे त्याने मला लँडलाइनवर विचारलं, वीस मिनिटं माझ्याशी बोलून झाल्यावर. हसायला हवं होतं मी. मी म्हणाले, माफ करा.

तसं माणसापर्यंत पोचले हेच खूप. जुन्या फोनच्या बुडाला किंवा कडेला टोन आणि पल्स असं बारीक बटण असतं. ते पल्सवर असलं की आकडा दाबल्यावर नुसते ठोके जातात. कंपनीचा फोन आधी घेणाऱ्या यंत्राला हवे असतात सूर. मग ते 'आपण कोणताही पर्याय निवडला नाही' हे पालुपद धरून बसतं. बटण टोनवर सरकवायचं. बऱ्याच फोनवर चांदणी दाबली तरी तेवढ्या कॉलपुरतं काम भागतं. पुढे 'मोबाईल नंबर टाका' आलं की काहीच न दाबता थांबायचं. दोन-तीनदा विचारून यंत्र कंटाळतं आणि पुष्कळदा माणसाकडे देतं. पुष्कळदा. कधी फोनच ठेवतं.

वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, माझा नंबर द्या की, त्यात काय!" मोह झाला. पण एकदा दुसऱ्याचा नंबर खात्यावर चढला की खातं त्या नंबराचं होतं. बिल तिकडे, पासवर्ड तिकडे, आणि नंबर बदलायचा म्हटलं तर त्याचा ओटीपीसुद्धा तिकडेच. वहिनींनी उद्या सिम बदललं तर मी माझ्याच खात्याबाहेर. नको म्हटलं. त्यांनाही 'माफ करा' म्हणाले का? बहुतेक हो. म्हणजे चार.

हे ओटीपीचं मला खरंच पटत नाही. सहा आकडे तयार करायला मोबाईल लागतोच असं नाही. एक गुप्त किल्ली आणि बरोबर चालणारं घड्याळ असलं की दर तीस सेकंदांनी नवा आकडा साध्या संगणकावरही निघतो. त्याचं प्रमाण २०११ सालीच छापून झालंय, आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात. उलट एसएमएसने आलेला आकडा सिम पळवून चोरता येतो, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्ये त्या वाटेला 'मर्यादित' असा शिक्का मारला. आणि ओशाळायचं मी! दादा असते तर त्यांनी पलीकडच्याला... असो.

राग लिहून काढल्यावर जरा बरं वाटतंय. शिवाय मोबाईल नाही म्हणून आज एक गोष्ट चांगली झाली. ॲपमधलं 'तक्रार नोंदवा' हे बटण दाबता येत नाही, म्हणून सगळं कागदावर मांडावं लागलं. कागदावर मांडलं तेव्हा दुखणं दिसलं.

माझं नेट येतं फायबरच्या तारेतून, प्रकाशाच्या रूपात. घरातल्या डब्यावरचा लाल दिवा, ज्याच्याखाली एलओएस लिहिलेलं असतं, तो लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाही: तार तुटलीय किंवा निसटलीय. माझा तसा लागत नाही. पॉनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा मधेच लुकलुकतो आणि पुन्हा स्थिर होतो. म्हणजे प्रकाश येतोय, पण जेमतेम. संगणकावर उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर (माझ्याकडे १९२.१६८.१.१, पत्ता डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो) आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. तो उणे असतो. नेट लावलं तेव्हा −२१ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) लिहून ठेवला होता, आज −२७ आहे. दर तीन डेसिबलला उजेड निम्मा होतो, म्हणजे सहा गेले तर चतुर्थांश उरला. घरगुती फायबरच्या नेहमीच्या (जीपॉन) डब्याला −२७ च्या आसपासच दिसेनासं होतं. म्हणून हा तळ्यात-मळ्यात खेळ. कारणं तीन: तारेच्या हिरव्या टोकावर धूळ, कपाटामागे तार दुमडलेली, किंवा बाहेरचा जोड खराब. कपाट सरकवून पाहिलं, तार सैल गोल आहे. हिरवं टोक काढून कापडाने पुसायचा मोह आवरला. साधं कापड ओरखडेच पाडतं, आणि त्या टोकात डोकावूनही बघू नये, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

फोनवरचा मुलगा म्हणाला, टाचणीने रीसेट करा. इथे मात्र माफी मागितली नाही, सरळ नाही म्हणाले. वीज बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणीचं रीसेट वेगळं. टाचणी दहा सेकंद दाबली की पीपीपीओईचं, म्हणजे डबा कंपनीच्या नेटला जोडणारं, नाव-पासवर्ड पुसलं जातं. काही डब्यांत ते कंपनी दुरून परत भरते, काहींत नाही. आणि नवा पासवर्ड येणार कुठे? एसएमएसवर.

लाइनमन निघण्याआधी मोबाईलवर फोन करतो, लागला नाही की 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहून तक्रार बंद. काम झालं तरी बंद करायला ओटीपी मागतो. म्हणून त्या फोनवरच्या मुलाकडून तक्रारीवर शेरा लिहून घेतला: 'फक्त लँडलाइन, ओटीपी येणार नाही, काम झाल्याची सही घ्यावी'. लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. त्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात लँडलाइन नव्हतीच. तक्रार क्रमांक एकेक आकडा उलट म्हणून घेतला, आणि मधे नेट होतं तेवढ्यात तोच क्रमांक, तुटल्याच्या वेळा आणि दोन्ही प्रकाशाचे आकडे ई-मेलने पाठवले.

हे सगळं जमलं, कारण माझी लँडलाइन अजून तांब्याच्या तारेवर आहे. तिला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट मिळतात, घरची वीज गेली तरी वाजते. फोन फायबरच्या डब्यातूनच घेतला असता तर नेट गेल्याची तक्रार करायला फोनही नसता. ते ही तार कधी काढतील कोण जाणे. आज त्यावर विचार करायचा नाही.

पण 'माफ करा' का म्हणाले, ते अजून कळलं नाही. घाईत असलेल्या माणसाची वाट अडवल्यासारखं वाटलं, एवढंच. तो रकाना रिकामा होता, आणि जणू तो मीच रिकामा ठेवला होता.

लाइनमनची वेळ उद्या दहा ते एक. फोनशेजारी कागद लावलाय: खाते क्रमांक, तक्रार क्रमांक, −२१, −२७. वर लिहिलंय, 'नंबर लँडलाइनचा आहे.' पुढे काही जोडायचं नाही. आत्ता फोन उचलून बुडाकडे पाहिलं, तर घंटीचं बटण 'हळू'वर होतं. किती दिवस होतं देव जाणे.