आईची कॉलची खुर्ची
मी पुण्यात घरांची इंटिरिअरची कामं करते. पहिल्या मीटिंगला लोक किचनचं बोलतात, वॉर्डरोबचं बोलतात, देवघराची दिशा तर ठरलेलीच असते, पण घरात मोबाईल कुठे ठेवायचा, कॉल कुठे बसून घ्यायचा हे कोणीच काढत नाही, आणि खरं म्हणजे दिवसभर सगळं घर त्यालाच धरून असतं.

आमच्या जुन्या घरात लँडलाइनला जागा होती. दाराजवळ स्टूल, त्यावर क्रोशाचा रुमाल, शेजारी नंबरांची डायरी आणि दोरीला बांधलेलं पेन. घंटी वाजली की अख्ख्या घराला कळायचं. आता कॉल येतो तो एकाच्या खिशात, बाकीच्यांना पत्ताच नसतो.

मला हे कळलं आईमुळे. भाऊ न्यू जर्सीला असतो, दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल. आई पलंगावर बसायची, पाठ खिडकीकडे, त्यामुळे चेहरा काळा, फोन धरून हात भरून यायचा आणि चार्जिंग संपत आलं की वाकून पलंगामागचा सॉकेट शोधायचा, मग वायर पुरत नाही म्हणून तिथेच अवघडून बसून बोलायचं. नातू म्हणायचा, आजी तू दिसतच नाहीयेस. तो सॉकेट जमिनीपासून एक फुटावर मीच घेतला होता, वायर दिसायला नको म्हणून. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

मग सुताराला बोलावून खिडकीखाली फळी करून घेतली, नऊ इंच रुंद, फोन उभा राहील अशी खाच पाडलेली. उंची आईला खुर्चीत बसवूनच ठरवली, कॅमेरा तिच्या डोळ्यांसमोर यायला हवा ना. तोंड उजेडाकडे, प्लग पॉइंट हाताशी. आणि सगळ्यात छान काय झालं तर तिचे हात मोकळे झाले! आता ती मटार सोलत बोलते, नातू तिकडे चित्रं काढत बसतो, कधी कधी दोघं दहा दहा मिनिटं काहीच बोलत नाहीत.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. 1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप या डिझायनरने निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या फोनचं एक डिझाइन केलं होतं. निरोप आला की एक गोटी बाहेर येणार, ती खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येणार, फोनवर ठेवली की त्याच माणसाला फोन लागणार. किती निरोप आलेत ते बघायला गोट्या मोजायच्या बस! माझ्या आईला हे एका मिनिटात जमलं असतं. आणि कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेन्को या कलाकाराने छताला छोटी मोटर लावून आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी टांगली होती, मोटर नेटवर्कच्या केबलला जोडलेली. नेटवर्कवर गर्दी झाली की दोरी गरगरणार, शांत असलं की जरा जरा हलणार. जाता येता कळतं, स्क्रीनकडे बघावं लागत नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो आमच्या भाजीवाल्या मावशींचा साउंडबॉक्स. यूपीआय 2016 मध्ये आलं तेव्हा पैसे आले का हे फोनवर बघावं लागायचं, आणि मावशींचे हात कोथिंबिरीने ओले. आता डबा मराठीत रक्कम सांगतो, त्यांना कळतं, मला कळतं, शेजारच्या गाडीवाल्यालाही कळतं, कोणी कोणाला फोन दाखवत बसत नाही. हेच घरात हवंय मला, सगळ्यांना ऐकू येईल, दिसेल असं.

सध्या कोथरूडला एका आजी-आजोबांच्या घराचं काम चालूये. आजोबांना ऐकू कमी येतं, मुलीचा फोन आलेला कळतच नाही आणि आजी आत असल्या की तो तसाच वाजून बंद होतो. त्यांच्या आरामखुर्चीसमोर एक दिवा लावायचाय, तिचा फोन आला की लागणारा. तिथल्या जुन्या बोर्डात नुसते स्विच आहेत, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर नाहीये आणि फोन आला की दिवा लावणारा, मला हवा तो स्मार्ट स्विच त्याशिवाय चालत नाही. सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय, भिंत न फोडता वायर आणता येते का बघू.